शाळेतला सोपो : जून २०२४ ते एप्रिल २०२५ च्या नोंदी

आमची शाळा गोव्यात, बार्देश तालुक्यात, डायोसेसची (चर्चच्या धर्मप्रांताची), पहिली ते चौथी. मी मराठी शिकवते. निम्म्याहून थोडी जास्त मुलं ख्रिश्चन, बाकीची हिंदू, काही मुसलमान. गेल्या काही वर्षांत कामाला आलेल्या कन्नड आणि हिंदी बोलणाऱ्या घरांतली मुलंही वाढली आहेत. मुलांची भांडणं मिटवायची काहीतरी रीत बसवावी म्हणून वर्षभर जे केलं, आणि भांडलेल्यांना समोरासमोर बसवायला जे दोन सोपे (दगडी बैठका) बांधले, ते इथे तारखेवार आहे. आजूबाजूच्या शाळांतल्या टीचरांनी मागितलं म्हणून वहीतून नीट उतरवून काढलं. कोणाचंच नाव यात नाही. ते का नाही हे १८ सप्टेंबरच्या नोंदीत आहे.

१० जून २०२४

पावसाने धरलं आहे. मैदान चिखलाचं, त्यामुळे मधल्या सुट्टीत सगळी शाळा व्हरांड्यात. छत्री कोणी मोडली, रेनकोट कोणी ओढला, खिडकीजवळची जागा कोणाची. भांडण दोघांत सुरू होतं आणि घंटेपर्यंत दोन वाड्यांचं होतं. गेल्या वर्षी तर दोन मुलांच्या धक्काबुक्कीवरून दोघांचे बाप शाळेच्या गेटवर एकमेकांच्या अंगावर गेले होते. ते दोघे अजून बोलत नाहीत.

सिस्टर (आमच्या हेडमिस्ट्रेस) म्हणाल्या, यंदा काहीतरी ठरवून करूया. स्टाफरूममध्ये सर्वांत स्वस्त उपाय पुढे आला : तक्रारपेटी. बुटांचा खोका, वरून चिरा. खर्च काही नाही.

२५ जून

काल सांजांव, सेंट जॉनचा सण. शाळेत मुलं कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून आली होती. तिसरीतल्या एकाने दुसरीतल्या मुलीचं कोपेल ओढून तोडलं. तिच्या आजीने पहाटे उठून ते विणलेलं. आज असेंब्लीत त्याला पुढे उभं करून सगळ्यांसमोर सॉरी म्हणायला लावलं. तो म्हणाला. मुलगी म्हणाली, "इट्स ओके." दोघांनीही ते प्रार्थनेच्या चालीत म्हटलं.

दुपारी त्याने तिची वॉटरबॅग विहिरीच्या कठड्यामागे टाकून दिली. संध्याकाळी त्याची आई आली, मुलाची सगळ्या शाळेपुढे अब्रू काढली म्हणून. तिचं चुकलं असं मला वाटलं नाही.

२८ जून

पेटी बंद केली. चिठ्ठ्या भरपूर आल्या, पण भांडणाच्या थोड्याच. बाकी चहाड्या. अमका मासच्या (चर्चमधल्या प्रार्थनेच्या) वेळी हसला, तमकी डब्यात चिकन आणते आणि शेजारणीला दाखवून खाते, कोणीतरी टीचरना 'जाडी' म्हणतो. हस्ताक्षरावरून कोणी लिहिलं ते मुलं ओळखायची आणि त्यावर नवीन भांडण व्हायचं. पहिलीच्या मुलांना तर अजून लिहिताच येत नाही, म्हणजे त्यांच्यासाठी ही पेटी नव्हतीच. प्राथमिक शाळेत लेखी तक्रार ठेवू नका, एवढंच यातून सांगण्यासारखं आहे.

२ सप्टेंबर

जुलै-ऑगस्टमध्ये लिहिण्यासारखं काही झालं नाही. आज झालं.

मोंती सायबिणीची (मारिया मातेची) नोव्हेना, म्हणजे फेस्ताआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, ३० ऑगस्टला सुरू झाली. मुलं रोज फुलं घेऊन जातात. यंदा चवथ (गणेश चतुर्थी) ७ सप्टेंबरला आणि मोंतीचं फेस्त (सण) ८ ला, म्हणजे गावात फुलाफळांना एकाच आठवड्यात दोन्हीकडून मागणी. तिसरीतली एक मुलगी फुलांची पांटली (टोपली) घेऊन आली. वर्गातल्या एका मुलाला ती म्हणाली, तुझ्या आईने आमच्या कुंपणावरची फुलं पहाटे काढून नेली, तुम्ही चोर. त्याने पांटलीला लाथ मारली. फुलं व्हरांड्याखालच्या चिखलात.

इथे सॉरी कोणी कोणाला म्हणायचं? ज्याच्या आईला चोर म्हटलं तो मुलगा, की जिच्या सायबिणीची फुलं तुडवली गेली ती मुलगी? मी काहीच ठरवलं नाही. दोघांना सुट्टी होईपर्यंत वेगळं बसवलं, बस.

४ सप्टेंबर

काल सकाळी त्या मुलाची आजी पत्रावळभर फुलं घेऊन नातवासोबत शाळेत आली. मुलीच्या हातात दिली आणि म्हणाली, ही आमच्या परसातली. आज मुलीने बापाला डोंगरावर पाठवून त्या मुलाच्या घरच्या माटोळीसाठी (गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या मांडणीसाठी) कांगलां आणि कवंडळं ही रानफळं आणली. चवथीची सुट्टी लागण्यापूर्वी ती पिशवी त्याच्या दप्तरात गेली. सॉरी हा शब्द एकदाही कोणाच्या तोंडून आला नाही, आणि दोघं आता एका बाकावर बसतात.

हे आम्ही केलेलं नाही. आजीने केलं. पण पुढे जे काही जमलं त्याचं बीज इथलं आहे.

१८ सप्टेंबर

स्टाफ मीटिंग. फादर (शाळेचे मॅनेजर) पण आले. फुलांची हकीकत सांगितली. ठरलं की सॉरी मागायला लावणं पूर्ण बंद. भांडलेल्या दोघांना शांत झाल्यावर एका ठिकाणी बसवायचं आणि तीनच गोष्टी विचारायच्या. काय झालं? त्यामुळे कोणाचं काय गेलं? ते आता नीट कसं करायचं? 'का केलंस' हे विचारायचं नाही. आठ वर्षांच्या मुलाकडे 'का'चं उत्तर नसतं, मग तो ते बनवतो.

वहीत नावं, तारीख, काय ठरलं ते लिहून ठेवावं अशी एक सूचना आली आणि जवळजवळ मंजूरही झाली. फादरांनी अडवली. चौथीची मुलं आमच्या पॅरिशमध्ये (चर्चच्या गावात) पहिल्या कुमसाराची (पाद्रीपुढच्या पापकबुलीची) तयारी करतात. दोतोर्नीत (धर्मशिक्षणाच्या वर्गात) त्यांना शिकवतात की आधी आपलं मन तपासायचं, मनापासून वाईट वाटलं पाहिजे, मग पाद्रीला सांगायचं, मग तो देईल ती पेनितेंस (प्रायश्चित्त) करायची. आणि पाद्रीने ऐकलेलं कुठेही बोलायचं नाही, कोर्टातसुद्धा नाही. फादर म्हणाले, "मला जे लिहून ठेवता येत नाही ते टीचरांच्या वहीत कशाला? उद्या कोणाचा बाप येऊन वही मागेल." मागेलच, हे आम्हा सगळ्यांना पटलं.

पण त्यांनी दुसरी गोष्टही तितक्याच जोरात सांगितली : शाळेतलं हे बसणं म्हणजे कुमसार नव्हे, आणि दोन्हींची सरमिसळ करू नका. हिंदू आईबापांना वाटेल पोरांना कुमसार करायला लावतात, आणि ख्रिश्चन मुलांना वाटेल टीचरना सांगितलं म्हणजे झालं. ज्या शाळांत हे करायचं आहे त्यांनी ही गोष्ट पहिल्याच पालकसभेत उघड बोलावी. आम्ही बोललो, तरी दोन घरांनी चौकशी केलीच.

बसायचं कुठे, हा प्रश्न राहिला. ऑफिसात बसवलं की ती शिक्षा वाटते, वर्गात बसवलं की प्रेक्षक जमतात. शिपाईबाई दारातून म्हणाली, "बाल्कांवांत बसतात तशें, सोप्यार." आमच्या शाळेला बाल्कांव (घरापुढची बसायची ओसरी) नाही. पण समोरासमोर दोन सोपे बांधायला कोणाची ना नव्हती.

७ ऑक्टोबर

शनिवार-रविवारी मडगावात लोक रस्त्यावर बसले, हायवे अडला. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, म्हणजे इथल्या 'सायबा'च्या, शवाबद्दल केलेल्या एका वक्तव्यावरून. २१ नोव्हेंबरला जुन्या गोव्यात शवप्रदर्शन सुरू व्हायचं आहे, दहा वर्षांनी येणारं, त्यामुळे घराघरांत आधीच तोच विषय.

आज चौथीतला गोलकीपर आपल्या जिवलग मित्राला सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमी आमच्या सायबाक गाळी दितात." मित्र हिंदू. त्याला काय झालं आहे याचा पत्ताही नव्हता. तो आधी हसला, मग गोलकीपरने ढकललं तेव्हा रडला.

आमच्यातल्या काहींचं मत होतं की हा विषय वर्गात काढूच नये. सिस्टरांनी ऐकलं नाही. त्या वर्गात गेल्या आणि विचारलं, जुन्या गोव्याला सायबाच्या फेस्ताला कोण कोण गेलं आहे? हिंदू मुलांचे हात ख्रिश्चन मुलांइतकेच वर. एकाच्या आत्याने मूल व्हावं म्हणून आंगवण (नवस) केली होती, एकीचा आजोबा दर वर्षी ३ डिसेंबरला मेणबत्ती घेऊन जातो. सिस्टर एवढंच म्हणाल्या की टीव्हीवर बोलणारा माणूस तुमच्या वर्गात नाही, त्याचं भांडण त्याला करू दे.

वर्ग निवळला. ते दोघे मात्र नाही. सोपो नव्हता, पण तीन प्रश्न होते, ते विचारून पाहिले. गोलकीपर म्हणाला, "म्हजें कांयच गेलें ना." मित्र गप्प. शब्द मोठ्यांचे होते, मुलांकडून ते परत कसे घेणार? सोडून दिलं.

१५ ऑक्टोबर

जागा. मैदानाच्या कडेचा आंबा सगळ्यांना पसंत : सावली, वर्गांपासून लांब, खिडकीतून दिसेल पण ऐकू येणार नाही. तिसरीची मुलं मापं घ्यायला गेली आणि किंचाळत परत आली. हुमल्यांची (तांबड्या मुंग्यांची) घरटी, एक-दोन नव्हेत, फांदीफांदीला. औषध मारायला सिस्टर तयार नाहीत, आणि हुमले मारले तरी परत येतातच. शिवाय जानेवारीत मोहोर येतो, सगळं चिकट. जागा बदलून कपेलच्या (छोट्या चर्चच्या) बाजूच्या भिंतीकडे नेली. तिथे दुपारनंतर सावली असते, सकाळच्या सुट्टीत ऊन. चालेल.

पीटीएने (पालक-शिक्षक संघाने) १२,००० मंजूर केले. पिकअप वरच्या वाड्यातल्या एका पालकाची, फुकट. गवंडीकाम खालच्या वाड्यातल्या मेस्ताकडे. तो गोलकीपरचा बाप. पिकअपवाला आणि मेस्त एकमेकांशी बोलत नाहीत, मैदानाकडे जाणाऱ्या वाटेवरून जुनं काहीतरी आहे. दोघंही समोर उभे राहून माझ्याकडे बघत बोलत होते. "टीचर, त्याला सांगा रेती नदीची नको, खारी असते." "टीचर, ह्याला सांगा रेती कुठली मिळते ते मला ठाऊक आहे."

१८ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपून आजपासून काम. त्याआधी सुरू करण्यात अर्थ नव्हता, ऑक्टोबरातही पाऊस येऊन गेला. गोव्यात कोणी असं काम काढणार असेल तर नोव्हेंबरच्या आधी खणू नका.

चिरे ८०, प्रत्येकी ५२ रुपये. ट्रक सिंधुदुर्गातून आला. उतरवताना काही फुटले, त्यातले काही पायाभरणीत गेले. मुलांनी ओळ करून चिरे हातोहात न्यावेत असं आम्हाला वाटलं होतं. मेस्त म्हणाला, चिरा पायावर पडला तर बोट जाईल, पोरांना लांब ठेवा. त्यामुळे बांधकामात मुलांचा हात नाही. फक्त पहिल्या चिऱ्यावर प्रत्येक वर्गातल्या एकाने थापीभर माल टाकला.

२५ नोव्हेंबर

दोन्ही सोपे उभे राहिले आणि सगळे मोठ्यांच्या मापाचे. मेस्ताने आयुष्यभर जसे बांधले तसे बांधले, दीड फूट उंच. पहिलीची मुलं बसली की पाय लोंबकळतात. पाय लोंबकळले की हलतात, हलले की समोरच्याला लागतात, आणि समोरच्याला लागलं की ज्यासाठी बसवलं तेच परत सुरू.

पाडायचं म्हणजे माल वाया. मेस्तानेच तोड काढली : दोन सोप्यांमधली जमीन सहा इंच मुरूम घालून उचलली आणि ठोकून घेतली. उंची फूटभरावर आली. मुरूम पिकअपवाल्याने आणला, स्वतःहून, पैसे घेतले नाहीत. आणला मात्र मेस्त घरी गेल्यावर.

दोन सोप्यांमध्ये अंतर साडेतीन फूट ठेवलं आहे. आधी खडूने आखून मुलं बसवून पाहिली होती. याहून जवळ बसवलं तर लाथ पोचते, लांब बसवलं तर ओरडून बोलावं लागतं.

२ डिसेंबर

वर काय लावायचं? चित्रकलेच्या टीचरांची कल्पना : प्रत्येक मुलाने घरून फुटक्या लादीचा तुकडा आणायचा आणि त्यांचं मोझेक करायचं. प्रत्येक घराचा तुकडा एकत्र वगैरे. छान वाटलं, सगळ्यांनी मान डोलावली. मेस्त गप्प राहिला. तेव्हाच त्याला विचारायला हवं होतं. तुकडे बसवून झाले. फोटोत फार सुंदर दिसतं.

९ डिसेंबर

मोझेक काढतो आहोत. लाद्यांच्या कडा. चौथीच्या मुलीचा युनिफॉर्म फाटला, दुसरीतल्या एकाच्या मांडीला चांगलाच ओरखडा. घासून कडा मारल्या, पण जिथे सिमेंट बसलं होतं तिथून नवीन कडा निघाल्या. वर उन्हात लाद्या तापतात, ते वेगळंच.

यात १,८५० गेले : व्हाइट सिमेंट, बसवण्याची मजुरी, काढण्याची मजुरी. मेस्ताला विचारलं, आधी का नाही बोललास? म्हणाला, टीचरांना आवडलेलं, कसं सांगू. आता त्याने जे पहिल्या दिवशीच केलं असतं तेच केलं, तांबडा कोबा. ऑक्साइड तीन किलो, ३६० रुपये. गोव्यातल्या बऱ्याच जुन्या घरांत सोप्यावर हाच असतो, आणि तो का असतो ते आम्हाला १,८५० रुपयांत कळलं.

१३ डिसेंबर

कोब्याला आठवडाभर पाणी मारायचं, वरून गोणपाटं ओली ठेवायची, सकाळी शाळा भरण्याआधी आणि सुटल्यावर. शिपाईबाई फेस्ताच्या कामाला गेलेली. सिस्टरांनी जी मुलं सर्वांत लवकर येतात त्यांना काम दिलं, आणि ते निघाले गोलकीपर आणि त्याचा माजी मित्र. ऑक्टोबरपासून दोघांत शब्द नव्हता. सिस्टरांनी मुद्दाम केलं का, विचारलं तर सांगत नाहीत.

बादली मोठी, भरली की एकट्याने उचलत नाही. पहिल्या दिवशी दोघांनी आपापली अर्धी अर्धी भरून नेली, आणि विहिरीकडून येरझारा घालून दमले. दुसऱ्या दिवशी कडीला दोन बाजूंनी धरून भरलेली. तिसऱ्या दिवशी गोणपाट कसं पसरायचं यावर वाद, म्हणजे बोलणं. काल बघितलं तर पाणी मारून झाल्यावर ओल्या सोप्यावर बसायचं नाही म्हणून दोघं खाली मुरुमावर बसून कोणाच्या तरी अंगणातल्या क्रिसमसच्या ताऱ्यांबद्दल बोलत होते. 'गाळी' कोणी दिल्या हा विषय कुठेच निघाला नाही. निघायला हवा होता का, याचा मी विचार केला. नाही वाटलं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलांना सुचत नसेल तर त्यांना दोघांशिवाय होणार नाही असं काम द्या. एकाने करून दुसऱ्याने बघायचं असलं काम चालत नाही, त्यात एक मजूर आणि एक मालक होतो.

७ जानेवारी २०२५

पाटीवरून मोठी माणसं भांडली. सोप्यावर काहीतरी लिहावं असं पीटीएत निघालं. कोणत्या भाषेत? कोणी म्हणालं इंग्रजी, शाळा इंग्रजी माध्यमाची. कोणी कोंकणी. लगेच प्रश्न, देवनागरीत की रोमीत (रोमन लिपीत)? १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी देवनागरी आहे, पण चर्चमधली पुस्तकं रोमीत, आणि ख्रिश्चन आजी-आजोबा तीच वाचतात. मग मराठी का नको, असं एका पालकाने माझ्याकडे बघत म्हटलं. मी काही बोलले नाही.

आमच्या निवृत्त टीचर सभेला होत्या. त्यांना १९९० आठवतं : प्राथमिक शाळांना अनुदान फक्त मराठी-कोंकणीला मिळेल असं झालं, तेव्हा डायोसेसच्या शाळा कोंकणी माध्यमात गेल्या. त्यांनी रातोरात पुस्तकं बदलली. मग २०११ मध्ये इंग्रजीला अनुदान आलं, पुन्हा बदलली. त्या म्हणाल्या, भाषेवरून ह्या गावात नवरा-बायको भांडलेली मी बघितली आहेत, पाटी लावू नका. पाटी लावली नाही. पैसेही वाचले.

सोप्यावर बसल्यावर मूल हवं त्या भाषेत बोलतं. कन्नड घरातल्या दुसरीच्या मुलाला राग आला की कोंकणी सुचत नाही. चौथीतली एक मुलगी त्याच्यासाठी सांगते. ती फार चोख सांगते, शिव्यांसकट.

१७ जानेवारी

सोपो वापरात येऊन दोन आठवडे होत आले. गणिताच्या तासाला भांडणं एकदम वाढली. "टीचर, आमी झगडल्यांव, सोप्यार वचूं?" हसत हसत. आता नियम : सोपो फक्त सुट्टीत. सुट्टी स्वतःची जाणार असेल तर खोटं भांडण कोणी करत नाही.

दुसरं, टीचर कुठे बसते यावर फार अवलंबून आहे. मी मध्ये बसले की दोघंही माझ्याशी बोलतात, एकमेकांशी नाही. थेट मेस्त आणि पिकअपवाल्यासारखं. आता मी कपेलच्या पायरीवर वह्या तपासत बसते. प्रश्न विचारते आणि मान खाली घालते.

३१ जानेवारी

शुक्रवारी शेवटच्या तासाला सोप्यावर आजी बोलवायला लागलो. भांडण नसलं तरी मुलांनी तिथे बसावं, नाहीतर ती जागा फक्त भांडखोरांची होते. ती होऊ लागलीच होती, पहिलीच्या मुली लांबून वळसा घालून जायच्या.

आज दोन आज्या, एक म्हापशाकडची शामाय (ख्रिश्चन आजी), एक शिरगावची माहेरवाशीण. विषय लईराईचा, शिरगावच्या देवीचा, निघाला. सात बहिणी आणि एक भाऊ खेतोबा. बहिणींनी त्याला विस्तव आणायला पाठवलं, तो गावातल्या पोरांशी खेळत बसला, लईराईने रागाने त्याला लाथ मारली. मग तिला इतकं लागून राहिलं की तिने निखाऱ्यांवरून चालायचं ठरवलं, म्हणून शिरगावच्या जत्रेत धोंड (व्रत घेतलेले भक्त) अजून होमखणातून (पेटत्या निखाऱ्यांतून) जातात. एक बहीण म्हापशाला गेली, तीच तिथल्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण, म्हणून दोघींमध्ये अजून तेल-फुलांची देवाणघेवाण.

शामाय सांगत होती आणि शिरगावची आजी दर वाक्याला दुरुस्त करत होती. मोठी कोण, आधी कोण गेली, केळबाय (आणखी एक बहीण) काय म्हणाली. दोघी चांगल्याच तापल्या. मुलं खूश. तिसरीतला तो कोपेल तोडणारा एकदम म्हणाला, पण लईराईने खेतोबाला सॉरी म्हटलं का? दोघी आज्या पहिल्यांदा एकमत : नाही, तशी गोष्टच नाही. तो म्हणाला, मग विस्तवावर चालण्यापेक्षा त्याच्याबरोबर खेळायला जायचं होतं.

५ मार्च

आजपासून कोरेज्म (ईस्टरआधीचा उपवासाचा काळ). मुलं कपाळावर राखेचा कुरीस (क्रूस) घेऊन आली. चौथीत कुमसाराची तयारी जोरात.

या महिन्यातली अपयशाची नोंद. चौथीत एक मुलगा लहानांकडून खाऊचे पैसे काढून घेत होता, बरेच दिवस. आम्ही त्याला आणि एका लहान मुलाला सोप्यावर बसवलं. लहान मुलगा तीनही प्रश्नांना "कांय ना" म्हणाला. अर्थात म्हणणार. ज्याला घाबरतो त्याच्यासमोर साडेतीन फुटांवर बसून तो काय बोलेल? सोपो बरोबरीच्या भांडणासाठी आहे. एकजण घाबरत असेल तर बसवू नका, मोठ्यांनी मध्ये पडायचं. आम्ही पालकांना बोलावलं, पैसे परत झाले, मुलाला वर्षअखेरपर्यंत सुट्टीत टीचरच्या नजरेखाली ठेवलं. हे समेट नव्हे. ते असायला हवं असंही नाही.

८ एप्रिल

पिकअपवाल्याने घराच्या कुंपणाची भिंत बांधायला मेस्तालाच बोलावलं आहे. शाळेत मला सांगायला दोघे वेगवेगळे आले. मेस्त म्हणतो तो दर पाडून मागतो, पिकअपवाला म्हणतो हा माल चोरतो. म्हणजे आता थेट बोलतात.

गेल्या वर्षी गेटवर भांडलेले दोघे बाप मात्र तसेच. त्यांची मुलं एकत्र फुटबॉल खेळतात, बाप गेटच्या दोन बाजूंना स्कूटर लावून वाट बघतात. एकाला मी आजीच्या शुक्रवारी यायला सांगितलं होतं. "बघतो" म्हणाला.

२५ एप्रिल

हिशेब. चिरे ४,१६०. सिमेंट सहा पोती २,३४०. रेती २,०००. मजुरी ४,६००, यात मेस्ताने एका दिवसाचे पैसे घेतले नाहीत, मदतनिसाचे पूर्ण. मोझेकची हौस १,८५०. ऑक्साइड ३६०. एकूण १५,३१०. मंजुरीवरचे ३,३१० शाळेच्या फेस्तातल्या हाउसीतून (तिकीट लावून खेळायच्या आकड्यांच्या खेळातून). मुरूम आणि वाहतूक फुकट, ते मोजलं तर अजून दोन-तीन हजार धरा. मोझेक टाळलंत आणि मेस्ताला उंची आधी सांगितलीत तर तेरा-साडेतेरा हजारांत होईल.

उरलेली कामं : कपेलकडच्या सोप्याला कोपऱ्यात केसासारखी चीर गेली आहे, पावसाचं पाणी शिरलं की वाढेल. मेस्त मे महिन्यात भरून देतो म्हणाला आहे, पिकअपवाल्याची भिंत झाल्यावर. मुरूम पावसात वाहू नये म्हणून कडेला चिऱ्यांची एक ओळ लावायची, फुटके चिरे शिल्लक आहेत. पावसाळ्यात सोपो उघड्यावर असल्याने चार महिने बंद, तेव्हा बसायचं कुठे हे अजून ठरलेलं नाही. सिस्टर म्हणतात व्हरांड्याच्या टोकाला दोन बाक समोरासमोर. मला वाटतं तिथे प्रेक्षक जमतील. जूनमध्ये करून बघू.